वाफारा घरचा की शहरातला? एका घामाचा हिशेब

नाताळ झाला, कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की आपल्या घराघरांत एकच तक्रार ऐकू येते. कुणाची कंबर धरते, कुणाचे गुडघे बोलतात, कुणाची मान वळत नाही. आदिलाबादची थंडी सगळ्या तेलंगणात कडक. पहाटे शेतात गेलेले अंग दुपारपर्यंत मोकळे होत नाही. अशा वेळी शहरात राहणारा मुलगा सांगतो, "बाबा, हैदराबादला या, सौना घेऊ. नाहीतर वाफेची पेटीच घरी आणून देतो." म्हातारा मनात विचारतो, याला लागणार किती आणि उपयोग काय?

हाच प्रश्न गेल्या हिवाळ्यात दोन-तीन घरांतून आमच्याकडे आला. म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तोच हिशेब येथे मांडत आहोत. दर गावोगाव निराळे असतात व बदलतात. तेव्हा उदाहरणादाखल आम्ही विजेचे युनिट ६ रुपयांना आणि गॅसची टाकी ९०० रुपयांना धरली आहे. आपण आपल्या बिलावरचा आकडा घालून पाहावा.

सौना आणि वाफारा एक नव्हेत

सौना हे फिनलंड देशातले स्नानघर. लाकडाच्या खोलीत दगड तापवतात. हवा ८० ते १०० अंशांपर्यंत तापते, पण कोरडी असते, म्हणून माणूस ती थोडा वेळ सोसतो. साडेपाच कोटी नव्हे, अवघ्या साडेपंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या देशात सुमारे तीस लाख सौना आहेत. २०२० साली युनेस्कोने या प्रथेची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. वाफाऱ्यात मात्र हवा ४५-५० अंशांचीच, पण ओलीचिंब असते. ओल्या हवेत घाम वाळत नाही, म्हणून कमी उष्णतेतही अंग लवकर तापते.

आपल्याकडेही ही विद्या जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदावा अध्याय स्वेदाचा, म्हणजे घाम काढण्याचा आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला जेंताक म्हणजे मध्ये भट्टी असलेली गोल खोली, जवळजवळ सौनाच. खाटेखाली तापलेले भांडे ठेवण्याचाही एक प्रकार त्यात आहे. आपल्या आया-आज्यांनी बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवली, ती याच वाटेने.

पहिला मार्ग : बाजेखालचा वाफारा

सुताची किंवा काथ्याची विणलेली बाज घ्यावी. वर पातळ चादर अंथरावी. माणसाने पालथे किंवा कुशीवर निजावे. वरून घोंगडी अशी पांघरावी की ती चारी बाजूंनी जमिनीला टेकेल. डोके व तोंड मात्र बाहेर असावे. चार लिटरचे दोन गंज पाणी उकळून एकामागून एक बाजेखाली सरकवावेत व झाकण हळूहळू उघडावे.

आठ लिटर पाणी उकळायला गॅस लागतो साधारण ८० ते ९० ग्रॅम. १४.२ किलोच्या टाकीत असे दीडशेहून अधिक वाफारे होतात. म्हणजे एका वाफाऱ्याला सुमारे ६ रुपये. बांधावरची पऱ्हाटी जाळली तर तेही नाहीत. पण पाणी अंगणात उकळावे. बंद खोलीत चूल किंवा कोळशाची शेगडी ठेवू नये, धुराने जीव जातो.

दुसरा मार्ग : वाफेची पेटी किंवा तंबू

हल्ली कापडी तंबू व वाफेचे विजेचे भांडे मिळते. भांड्यावर वॅट लिहिलेले असतात. १५०० वॅटचे भांडे चाळीस मिनिटे चालले की एक युनिट झाले. म्हणजे वीज ६ रुपयांची, गॅसइतकीच. खरा खर्च पेटीच्या किमतीचा.

समजा पेटी ५,००० रुपयांना पडली. आठवड्याला एकदा याप्रमाणे पाच वर्षे वापरली, तर २६० वेळा झाली आणि दर वेळी सुमारे १९ रुपये पडले. पण हौस महिन्याभरात विरली, वीस वेळा वापरून पेटी माळ्यावर गेली, तर एक वाफारा २५० रुपयांना पडला! कापसाच्या पैशातून काही घेण्याआधी स्वतःला एवढेच विचारावे : हे आपण किती वेळा वापरणार?

तिसरा मार्ग : घरी सौना

चार माणसांच्या सौनाची भट्टी साधारण ६ किलोवॅटची असते. खोली तापायला पाऊण तास, वापरायला अर्धा तास. सव्वा तासात साडेसात युनिटे, म्हणजे ४५ रुपये. चौघे एकत्र बसले तर माणशी अकरा-बारा रुपये, एकटा बसला तर सगळे ४५. फिनलंडमध्ये सगळे घर एकत्र सौनात बसते, त्यात हाही शहाणपणा आहे. शिवाय अशी भट्टी २६ अँपिअर वीज ओढते. घरातल्या १६ अँपिअरच्या जोडणीला ती सोसणार नाही. वेगळी जाड तार आणि वाढीव मंजूर भार घ्यावा लागेल. खोलीचे लाकूड निराळेच. शेतकऱ्याच्या घराला हा मार्ग आम्ही सुचवणार नाही.

चौथा मार्ग : शहर

हैदराबाद येथून सुमारे ३०० किलोमीटर. तेथे मोठी हॉटेले व व्यायामशाळा यांत सौना असतात. बेगमपेठेत सरकारी निसर्गोपचार रुग्णालयही आहे, तेथे डॉक्टर तपासून वाफस्नान देतात. पण फी विचारून थांबू नये. म्हातारा एकटा जात नाही, सोबत कोणीतरी लागते. दोन माणसे, दोन दिवस, म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडाली. त्यात तिकीट, जेवण, मुक्काम मिळवा. फी यात सर्वांत लहान आकडा निघतो. डॉक्टरांकडे अन्य कामासाठी जाणेच असेल तर गोष्ट वेगळी.

हा विचार नवा नाही. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. पण गरिबांसाठीचे केंद्र शहरात चालवणे बरोबर नाही असे गांधीजींच्या ध्यानात आले आणि १९४६ साली त्यांनी पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन या खेड्यात आश्रम सुरू केला. मागे राहून तो चालवला मणिभाई देसाई यांनी. त्याच मणिभाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था काढून संकरित गाई खेड्यापाड्यांत पोहोचवल्या. तिकडे बव्हेरियात फादर सेबास्टियन क्नाइप (१८२१-१८९७) या धर्मगुरूंनीही साध्या पाण्याचे उपचार गोरगरिबांच्या दारापर्यंत नेले. दोघांचा धडा एकच : उपचार रुग्णाच्या घराजवळ असावा.

पाचवा मार्ग : उनकेश्वर

पैनगंगेच्या काठी किनवट तालुक्यात उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत. आपल्या भागातले अनेक जण तेथे स्नानाला जातात. येथे खर्च मुख्यतः प्रवासाचा. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून महिलांना साध्या व एक्सप्रेस बसमध्ये मोफत प्रवास सुरू झाला, पण तो राज्याच्या हद्दीपर्यंतच. महाराष्ट्राच्या एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट सुरू झाले. गरम पाण्याने आखडलेले अंग सैल होते हे खरे. मात्र अंगावर उघडी जखम असेल तर सार्वजनिक कुंडात उतरू नये, आणि त्वचारोगाचे औषध चालू असेल तर ते या स्नानासाठी बंद करू नये.

फायदा खरोखर किती?

उष्णतेने स्नायू सैलावतात, रक्त वाहते, झोप चांगली लागते. एवढे नक्की. फिनलंडमध्ये २,३१५ मध्यमवयीन पुरुषांना सुमारे वीस वर्षे न्याहाळले गेले व निष्कर्ष २०१५ साली छापले गेले. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक येणारे मृत्यू कमी आढळले. पण हे निरीक्षण आहे. जे धडधाकट तेच जास्त वेळा सौनात गेले असेही असू शकते. वजनाचे म्हणाल तर घामाबरोबर पाणी जाते, चरबी नाही. दोन तांबे पाणी प्यालात की काटा पुन्हा जागेवर.

फवारणीनंतर वाफारा नको

सर्वांत महत्त्वाचे आता सांगतो. "फवारणीचे विष घामावाटे निघून जाते" असे बोलले जाते. हे चूक आहे आणि जिवावर बेतणारे आहे. विष बाहेर काढण्याचे काम यकृत व मूत्रपिंड करतात. उलट तापलेल्या, घामेजल्या कातडीतून औषध अधिक आत शिरते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यांची आठवण ठेवा.

फवारणीनंतर कोणाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, बाहुल्या बारीक, उलटी किंवा धाप लागली तर घाम आधीच विषाने सुटलेला असतो. त्याला घोंगडीखाली घालू नका. कपडे काढा, साबण व भरपूर साध्या पाण्याने अंग धुवा, १०८ क्रमांकाला फोन करा, आणि औषधाची बाटली किंवा तिचा कागद सोबत न्या.

कोणी घेऊ नये

गरोदर बाई, ताप असलेला, दारू प्यालेला, फिट येणारा, हृदयविकाराचा किंवा ताब्यात नसलेल्या रक्तदाबाचा रुग्ण यांनी वाफारा घेऊ नये. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यास चटका कळत नाही. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. अंगातले पाणी कमी झाले की त्यांच्या वेदना उसळतात, म्हणून त्यांनीही टाळावा.

बाकीच्यांनी आधी पेलाभर पाणी प्यावे, दहा-पंधरा मिनिटांत आटपावे व नंतर चिमूटभर मीठ घातलेले ताक घ्यावे. एकदा आम्हीच उत्साहाच्या भरात घरच्या एका वडीलधाऱ्यांना अर्धा तास निजवले. उठताच त्यांना भोवळ आली. जवळ दोघे होते म्हणून पडले नाहीत. तेव्हापासून आमचा नियम : घड्याळ समोर, माणूस जवळ, आणि उठताना आधी पाच मिनिटे बसणे. लेकरांना गंजाजवळ फिरकू देऊ नये. आणि वैशाखात हा उद्योग नकोच, तेव्हा सारा जिल्हाच सौना असतो.

थोडक्यात, सहा रुपयांत बाजेखाली जे मिळते त्यासाठी हजारो रुपये मोडण्याची गरज नाही. दुखणे तीन आठवड्यांत हटले नाही, सांधा सुजला किंवा पायात मुंग्या येऊ लागल्या, तर वाचलेले पैसे घेऊन डॉक्टरांकडे जावे. ते तेथे खरे कामी येतील.