काचेला ऊब, पेढीला तोशीस

थंड देशांत खिडकीची काच विजेने तापवितात, असे बीदर, भालकी, आळंद वा कलबुर्गी येथील आमच्या व्यापारी बंधूंना सांगितले तर हसू येईल. वैशाखात आपली चिंता नेमकी उलट असते. तथापि हीच युक्ती आपल्या दुकानांत केव्हाच शिरली आहे. दूध, लोणी, आइस्क्रीम ठेवण्याच्या पुष्कळ शीतकपाटांच्या काचेत अथवा दाराच्या चौकटीत तापविणारी तार असते. काचेवर घाम येऊन माल दिसेनासा होऊ नये, हे तिचे मुख्य काम.

थंड देशांतील खिडकीत तारेऐवजी काचेवर धातूच्या ऑक्साइडचा पारदर्शक थर देऊन त्यातून वीज सोडतात. काच उबदार राहते, दव धरत नाही. परंतु तापलेली काच बाहेरच्या थंडीलाही ऊब देते. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, तापमानातील दर अंश फरकामागे, सुमारे ५.७ वॅट उष्णता निसटते. दुहेरी काच, मध्ये आर्गॉन वायू व उष्णता परतविणारा लेप असता हा आकडा १.१ पर्यंत उतरतो. म्हणून आधी काच सुधारावी, मग तापवावी, हाच शहाणपणाचा क्रम होय.

आपल्या कपाटात तर तोटा दुहेरी आहे. तारेची काही उष्णता आत शिरते व ती बाहेर काढण्यास यंत्राला पुन्हा वीज लागते. समजा, एका दाराची तार १०० वॅटची असून अहोरात्र चालू आहे. तर वर्षाला ८७६ युनिटे केवळ तिचीच झाली.

आता ऋतुमान पाहू. हवा ३० अंश व आर्द्रता ७० टक्के असता सुमारे २४ अंशांहून गार काचेवर दव धरते; ३८ अंश व २० टक्के असता हीच मर्यादा सुमारे ११ अंशांवर येते. म्हणजे पावसाळ्यात लागणारी तार कोरड्या उन्हाळ्यात बहुधा व्यर्थ जळते. आइस्क्रीमच्या कपाटात मात्र दाराचे रबर गोठू नये म्हणूनही ऊब लागते. तेथे जाणत्या कारागिरास विचारल्यावाचून तार बंद करू नये.

अमेरिकेतील २००७ च्या ऊर्जा कायद्याने शीतखोल्यांच्या काचेच्या दारांतील अशा तापनशक्तीवर क्षेत्रफळानुसार मर्यादा घातली. आर्द्रतेनुसार ती घटविणारी योजना असेल तरच सूट ठेवली.

तेव्हा नवे कपाट घेताना काच किती पदरी, तार किती वॅटची, आणि हवा कोरडी असता ती आपोआप बंद होते काय, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. खरेदीत पै-पैची घासाघीस करणाऱ्याने ही न दिसणारी गळतीही खतावणीत मांडावी, एवढीच आमची विनंती.