बोनेट उघडता येणारी गाडी

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस कायमची उतरली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं तेव्हा भरली. त्या निमित्ताने काळ्या-पिवळीवर भरपूर लिहून आलं. आमच्या संपादकांचं म्हणणं असं, की टॅक्सीचं पुरे झालं; ज्यांच्या दारात स्वतःची पद्मिनी अजून चालू आहे, ती कशी चालू राहते ते बघून या. म्हणून डोंबिवलीतल्या एका सोसायटीत गेलो. तिथे १९८६ सालची, साईच्या रंगाची एक पद्मिनी आहे. तिचे मालक रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. सोसायटीतले सगळे त्यांना काका म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. इंजिन खोलून सिलिंडर बोअर करायचं काम सोडलं, तर त्यांनी ही गाडी आजवर गॅरेजच्या हवाली केलेली नाही.

गाडीचा इतिहास थोडक्यात सांगतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी बंगळूरचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणमची जहाजगोदी उभी केली. त्याच जिद्दीने त्यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला होता. आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून ‘फियाट ११००’ आली. गोलसर रूपामुळे तिला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आली. तीच पुढे किरकोळ फेरफार होत १९७४ मध्ये ‘प्रीमिअर पद्मिनी’ झाली आणि साधारण २००० सालापर्यंत बनत राहिली. मूळ आराखडा १९५० च्या दशकातला. परवाना-राज्यात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, म्हणून कंपनीला तो बदलायची घाईही नव्हती. ग्राहकांच्या दृष्टीने हा अन्यायच होता. पण त्यातून एक चांगली गोष्ट घडली. चार दशकं एकच यंत्र रस्त्यावर राहिल्यामुळे ते हजारो हातांना पाठ झालं.

काकांनी बोनेट उघडलं आणि मला आधी दिसली ती मोकळी जागा. १०८९ सी.सी.चं चार सिलिंडरचं इंजिन मधोमध उभं आहे आणि दोन्ही बाजूंनी कोपरापर्यंत हात खाली जातो. कार्बोरेटर, पेट्रोल पंप, कॉइल, डेल्को, सेल्फ, सगळं नजरेसमोर, आणि प्रत्येक वस्तू मोजक्या नट-बोल्टवर धरलेली. झाकण्यासाठी एकही प्लॅस्टिकचं आवरण नाही. भिंतीवर काकांनी प्लायवुडची फळी लावली आहे. तिच्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगाने काढलेली आहे, म्हणजे पाना जागेवर नसला की रिकामी आकृती लगेच डोळ्यात भरते. “काम संपलं हे फळीने सांगायचं,” काका म्हणाले. “एखादा पाना इंजिनवर राहून गेला तर घात होतो.”

मी सगळ्यात जास्त रेंगाळलो तो डेल्कोपाशी. कंपनी या भागाला डिस्ट्रिब्युटर म्हणते. गॅरेजवाले डेल्को म्हणतात, काकाही तेच म्हणतात. वरची टोपी दोन क्लिपांवर असते. ती काढली, आतला रोटर उपसला, की खाली दिसतात ते ‘पॉइंट’: धातूचे दोन छोटे संपर्कबिंदू, एक स्थिर आणि एक स्प्रिंगवर हलणारा. मध्ये फिरणाऱ्या दांड्याला चार उंचवटे आहेत. उंचवटा आला की पॉइंट उघडतो, गेला की मिटतो. पॉइंट मिटलेला असताना कॉइलमधून बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह वाहतो. तो उघडला की प्रवाह एकदम तुटतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि तिच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. तोच प्लगपर्यंत जाऊन ठिणगी पाडतो. गाडी वेगात असताना इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं असं धरलं, तर दर फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणजे मिनिटाला ६०००, सेकंदाला १००. एवढ्या वेळा हा चिमुकला पॉइंट उघडतो आणि मिटतो, आणि गाडीचं चालणं त्याच्या नेमकेपणावर उभं असतं.

हा नेमकेपणा म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटरची फट. फट वाढली तर पॉइंट मिटलेला राहण्याचा वेळ कमी पडतो, कॉइल पुरती भरत नाही आणि वेगात गाडी ‘मिस’ मारते. फट कमी झाली तर पॉइंटवर ठिणग्या उडून तो जळतो आणि सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देते. शिवाय फट बदलली की ठिणगी पडण्याची वेळही सरकते. काकांनी मला गाडी ढकलायला लावलं. गिअर चौथा, इग्निशन बंद; गाडी इंचाइंचाने पुढे सरकली तसं इंजिन फिरलं आणि पॉइंटची टाच, म्हणजे उंचवट्याला टेकणारा भाग, बरोबर माथ्यावर आली. “बास!” काका म्हणाले. मग त्यांनी फट मोजायच्या फीलर गेजची पाती आत सरकवली. पाती अडकता कामा नये आणि सैलही जाता कामा नये. ओढताना बोटाला किंचित घासल्यासारखं लागलं पाहिजे. स्क्रू ढिला करून त्यांनी फट जुळवली, स्क्रू आवळला आणि पुन्हा मोजलं. आवळताना फट केसभर हलतेच, म्हणून दुसऱ्यांदा मोजणं हे कामाचाच भाग आहे. जुने टॅक्सीवाले गेज नसेल तर व्हिझिटिंग कार्डाची कड घालून घरापर्यंत पोचण्याइतकी फट लावत. काकांना ती युक्ती माहीत आहे, पण ती रस्त्यापुरती. घरी आल्यावर गेज लावायचाच, हा त्यांचा दंडक.

मग त्यांनी पाती माझ्या हातात दिली आणि मला मोजायला लावलं. ते घासणं बोटाला कळलं, तेव्हा हा माणूस एवढी वर्षं या गाडीपाशी का रमला ते मला समजलं. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये इथे काहीच लपलेलं नाही.

काकांच्या कामाला शिस्त आहे. गाडी सुरू होत नसेल तर आधी ठिणगी बघायची, मग पेट्रोल. अंदाजाने भाग बदलायचे नाहीत. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. विजेचं काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, स्टँड लावायचेच. हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. काढलेलं ऑइल गटारात ओतायचं नाही, डब्यात साठवून ते घेणाऱ्याकडे द्यायचं. ब्रेकचं काम जाणत्याच्या हाताखाली शिकल्याशिवाय एकट्याने करायचं नाही. प्रत्येक कामाची नोंद वहीत: तारीख, किलोमीटर, काय काढलं, काय घातलं, प्लगचा रंग कसा होता. प्लग तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, काळा काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका पडला तर कमी. ही वही म्हणजे गाडीचा दवाखान्यातला केसपेपरच आहे.

जुनी गाडी जवळ बाळगणारी बरीच माणसं नव्या गाड्यांना नावं ठेवतात. काका ठेवत नाहीत. पद्मिनीला एअरबॅग नाही, एबीएस नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. धडक बसली तर तिचा पत्रा आतल्या माणसाला आजच्या गाडीइतकं वाचवू शकत नाही. तिचा धूरही आजच्या नव्या गाड्यांच्या मापात बसणारा नाही. म्हणून घरातली लेकरं नव्या गाडीने जातात आणि पद्मिनी रविवारी फेरफटक्याला निघते. त्यांचं म्हणणं एवढंच, की सुरक्षित गाडी उघडता न येणारीच असली पाहिजे असा कुठे नियम आहे? नव्या गाडीतही एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर, फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल ही कामं घरी होतात आणि काका ती मुलीच्या गाडीची करतात. त्यासाठी माहिती-पुस्तिका वाचायची तयारी तेवढी लागते.

आता अडचणी. त्या एकाहून एक मोठ्या आहेत, आणि त्या ऐकताना मला काकांच्या गाडीची काळजी वाटू लागली.

पहिली अडचण पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. यामागची कारणं खरी आहेत: आयात होणाऱ्या तेलाचा खर्च आहे, आणि सांगली-कोल्हापूरपासून नगरपर्यंतच्या साखर कारखान्यांना व ऊसकऱ्यांना त्यातून उत्पन्न मिळतं. पण हे इंजिन बनलं तेव्हा कुणी इथेनॉलचा विचार केला नव्हता. गाडीच्या पेट्रोल पंपातला रबरी पडदा आणि जुने रबरी पाइप इथेनॉलने फुगतात, मग चिरतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं; गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये गंज धरतो. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने कार्बोरेटरच्या जुन्या जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या छिद्रातून, मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडकण्याची पद्मिनीची खोड जुनीच; तेव्हा पंपावर ओलं फडकं टाकून थांबायचं असतं. काका सांगतात, आता ते फडकं डिकीत कायमचं असतं. त्यांनी पाइप बदलले, पडदा बदलला, जेट एक माप मोठा घातला. ज्याला हे जमत नाही त्याची गाडी एखाद्या दुपारी पाइप चिरून पेट घेऊ शकते. जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचं पेट्रोल मोजक्या पंपांवर तरी ठेवावं, ही मागणी मला रास्त वाटते.

दुसरी अडचण कागदांची. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. काकांची गाडी १९८६ ची, म्हणजे ती २०३६ पर्यंत त्यात बसत नाही. तोपर्यंत ती फक्त ‘जुनी खासगी मोटार’. मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० झालं आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये ते आणखी वाढलं. पर्यावरण कर वेगळा. महिन्यात चार फेऱ्या मारणाऱ्या, निगा राखलेल्या गाडीला आणि रोज धूर ओकणाऱ्या गाडीला एकच माप लावलं जातं.

तिसरी अडचण सुट्या भागांची आणि हातांची. टॅक्सी होत्या तोवर भाग गल्लोगल्ली मिळत. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत विचारत फिरावं लागतं. मिळतो तो भाग पुष्कळदा नकली असतो. नकली पॉइंटची टाच महिन्यात झिजते आणि फट मिटते. बोअर करणारे, पत्रा ठोकून मडगार्ड घडवणारे, कानाने टॅपेट जुळवणारे मिस्त्री म्हातारे झाले. त्यांची मुलं त्या कामात नाहीत.

चौथी अडचण पद्मिनीची नाही, तुमच्या-माझ्या गाडीची आहे. आजच्या गाडीत काही भाग बदलले तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने ओळख पटवल्याखेरीज ते कामच करत नाहीत. दिव्याची एक कडी तुटली तर अख्खा दिवा बदलावा लागतो. बिघाडाचा कोड वाचणारा साधा स्कॅनर कुणीही विकत घेऊ शकतो, पण पुढची किल्ली कंपनीकडे असते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये नेमक्या याच कारणासाठी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग, अवजारं आणि तांत्रिक माहिती न देणं हा त्यांच्यावरचा ठपका होता. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचं संकेतस्थळ काढलं आणि त्यात मोटारींचा समावेश केला. पण संकेतस्थळावर माहिती टाकणं कंपन्यांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. दुरुस्तीची पुस्तिका, सुटा भाग आणि तो जोडायची किल्ली या तिन्ही गोष्टी मालकाला मागितल्यावर मिळाल्याच पाहिजेत, असा स्पष्ट कायदा हवा.

पद्मिनी जाणार, यात मला शंका नाही. पेट्रोल, कागद आणि नकली पॉइंट मिळून तिला पुढची काही वर्षं जेमतेम तग धरू देतील. तिला संग्रहालयात ठेवलं तरी चालेल. पण मालकाने आपली वस्तू स्वतः समजून घ्यावी आणि दुरुस्त करावी ही रीत तिच्याबरोबर जाता कामा नये. ती गेली तर आपण लाखो रुपये मोजून घेतलेल्या वस्तूचे नुसते भाडेकरू उरू. पुढची गाडी घ्यायला शोरूममध्ये जाल तेव्हा मायलेज आणि रंग विचारून झाल्यावर आणखी तीन प्रश्न विचारा: हिचा दिवा मला बदलता येईल का, दुरुस्तीची पुस्तिका मिळेल का, बाहेरच्या मिस्त्रीने घातलेला भाग ही गाडी स्वीकारेल का? ग्राहक हे विचारू लागले, तर त्यांची उत्तरं कंपन्यांना द्यावीच लागतील.