घराचा ताबा मिळाल्यावर मागचा व्हॅट कसा आला?

समजा, २००८ मध्ये तुम्ही डोंबिवलीत २० लाखांचा फ्लॅट बुक केला. राहायलाही गेलात. २०१२ मध्ये बिल्डरचं पत्र आलं: व्हॅटचे १ लाख भरा. तेव्हा ठाणे-कल्याण पट्ट्यात अशा पत्रांनी अनेकांची झोप उडाली.

मागची वसुली का?
बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटच्या विक्रीवर राज्यात २० जून २००६ पासून व्हॅट होता. बिल्डरांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं. १० एप्रिल २०१२ रोजी मुंबई हायकोर्टाने तो वैध ठरवला आणि जुने करार पुन्हा उघडले. सवलतीच्या योजनेत ३१ मार्च २०१० पर्यंतच्या करारांना ५ टक्के, नंतरच्यांना १ टक्का.

सुप्रीम कोर्टात काय झालं?
२६ सप्टेंबर २०१३ रोजी कर कायम राहिला. मात्र तो ग्राहकाशी करार झाल्यानंतरच्या बांधकामावरच. पूर्ण झालेलं घर घेतलं असेल, तर व्हॅट नाही.

पैसे कोणाचे?
सरकारकडे कर भरण्याची जबाबदारी बिल्डरची. तुमच्याकडून वसूल करण्याचा वाद मुख्यतः करारनाम्यावर फिरतो. म्हणून आजही सही करण्याआधी ‘भविष्यात लागू होणारे कर’ हे कलम नीट वाचा.