‘डुप्लिकेट’ दाबताय? आधी हे वाचा

काल सुपेल्यातल्या एका काकूंचं ऑनलाइन दुकान बघत होतो. बस्तरच्या ढोकरा मूर्ती. हत्ती, नंदी, दिवा... सगळ्यांखाली एआयने लिहिलेलं एकच वर्णन!

लिस्टिंग डुप्लिकेट करण्यात गैर काही नाही, वेळ वाचतो. पण जुनी मापं, वजन, टॅगही सोबत येतात. ते आठवणीने बदला.

फरक फक्त रंगाचा किंवा साइझचा असेल, तर नवी लिस्टिंग नको, व्हेरिएंट करा.

गूगलचा एआयला विरोध नाही. मात्र मार्च २०२४ पासून केवळ रँकिंगसाठी घाऊक पाडलेला निरुपयोगी मजकूर ते स्पॅम धरतात. आणि पानं जवळजवळ सारखीच असतील, तर शोधात बहुधा त्यातलं एकच दिसतं.

ढोकऱ्यात तर धातू ओतताना मेणाचा नमुना वितळून जातो, मातीचा साचा फोडावा लागतो. म्हणजे दोन मूर्ती हुबेहूब सारख्या नसतातच!

म्हणून एआयला आधी उंची, वजन, नक्षी, कारागिराचं गाव सांगा आणि मग लिहायला लावा. माहिती दिली नाही, तर तो मनाने भर घालतो. पोस्ट करण्यापूर्वी मूर्ती समोर ठेवून वर्णन ताडून बघा.

तुमचं दुकान कोणत्या प्लॅटफॉर्मवर आहे? काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.