अनुदान थांबल्यावर शेतात काय उरतं?

सामूहिक शेतीला अनुदान द्यावं की नाही, यावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतात. ते कशावर खर्चावं, याची चर्चा मात्र क्वचितच होते. केरळ आणि तेलंगण यांचा अनुभव पाहता दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे. केरळात १९९८ साली सुरू झालेल्या ‘कुटुंबश्री’ कार्यक्रमात बायकांचे छोटे गट पडीक किंवा खंडाने घेतलेल्या जमिनीवर भात, केळी, भाजीपाला पिकवतात. त्यांना शासनाकडून प्रोत्साहनपर रक्कम मिळते, पण त्यांचा खरा आधार वेगळाच आहे. गटाच्या संयुक्त हमीवर बँक पीककर्ज देते, व्याजाचा काही भार शासन उचलतं आणि जमीन मिळवताना स्थानिक पंचायत व महिलांचा संघ पाठीशी उभा राहतो. आजच्या तेलंगणात गटशेती २००१ ते २००५ या काळात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने उभी राहिली. प्रकल्प संपला तेव्हा निधीबरोबर आधारही गेला, आणि बरेच गट मोडले. अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी दोन्हीकडच्या गटांची तिथल्याच छोट्या कौटुंबिक शेतीशी तुलना केली. केरळातल्या गटांच्या हेक्टरी उत्पादनाचं मूल्य कौटुंबिक शेतीच्या सुमारे १.८ पट निघालं, तर तेलंगणातले गट उत्पादनात मागे पडले. तरी मजुरीचा खर्च वाचल्यामुळे निव्वळ नफ्यात ते जवळपास बरोबरीला होते.

यावर कोणी म्हणेल, केरळात पाणी आहे, साक्षरता आहे, पंचायती सशक्त आहेत; त्याची तुलना कोरडवाहू मुलखाशी कशी करायची? आक्षेप रास्त आहे, आणि सगळा फरक अनुदानाच्या पद्धतीमुळे पडला असं कोणी म्हणू नये. पण जिथे पाऊस बेभरवशाचा आणि बायकांच्या नावावर जमीन नाही, तिथे तर चार वर्षांत हात काढून घेणं अधिकच चुकीचं ठरतं. अशा ठिकाणी अनुदानाचा पहिला रुपया बियाण्याआधी बँकेचं दार उघडण्यावर आणि खंडाचा करार पक्का करण्यावर खर्च व्हायला हवा. केरळातही कराराची बाजू कच्चीच आहे. तिथल्या जमीन सुधारणा कायद्यात कुळवहिवाटीला बंदी असल्याने पुष्कळ व्यवहार तोंडी होतात, आणि मालकाने जमीन परत मागितली की गटाचा नाइलाज होतो.

पिकवणाऱ्याच्या अनुदानाचं हे झालं. खाणाऱ्याचं गणित निराळं आहे. कुटुंबश्रीच्या बायकांनी २०२० पासून चालवलेल्या ‘जनकीय’ खानावळींत २० रुपयांत जेवण मिळे, कारण ताटामागे १० रुपये शासन देत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये ते थांबले आणि ताट ३० रुपयांवर गेलं. शेतीचा गट काही वर्षांत स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो, म्हणून त्याचं अनुदान टप्प्याटप्प्याने उतरवता येतं. रोजंदारीवर जगणाऱ्याची मिळकत तशी ठरलेल्या मुदतीत वाढत नाही, म्हणून त्याच्या ताटावरचं अनुदान चालूच ठेवावं लागतं. तिजोरीवर कायमचा बोजा पडेल ही भीती खोटी नाही, पण म्हणूनच एका रुपयाने दोन कामं करावीत. आपल्याकडे महाराष्ट्रात शासनाच्या अनुदानावर स्वस्त थाळी देणाऱ्या शिवभोजन केंद्रांनी भाजी आणि धान्याचा ठरावीक वाटा जवळच्या महिला गटांकडून घ्यावा, अशी अट अनुदानाला जोडता येईल. सुरुवातीला पुरवठा अनियमित राहील. त्यामुळे अट पहिल्या वर्षी थोड्या भाज्यांपुरती ठेवून पुढे वाढवावी.