कण्हेर आणि बिट्टी

मालगुंडसारख्या किनारी गावात बाग लावू इच्छिणाऱ्या वैद्यबंधूंना आम्ही प्रथम एक खूण सांगतो: कण्हेरीची पाने एकाच पेरावर बहुधा तीन-तीन येतात, बिट्टीची एकेक. दोहोंना भरपूर ऊन व निचऱ्याची जमीन हवी. खारा वारा दोन्ही सोसतात, मात्र जांभ्याच्या खळग्यात पावसाचे पाणी साचल्यास मुळे कुजतात. कण्हेर छाट कलमाने लावावी. बिट्टी बियांपासून सहज येते, आणि भय त्या बियांतच आहे. करवीराची गणना आपल्या ग्रंथांनी उपविषांत केली, अश्वमार हे नावही दिले. त्यामुळे वैद्य सावध असतो. बिट्टी मूळची अमेरिकेतील, पूजेला पिवळी फुले देणारी, म्हणून निरुपद्रवी वाटते. तिचे बी हृदयाची गती मंदावून प्राण घेऊ शकते. पीत करवीर या नावावर विसंबून ती करवीराच्या जागी योजू नये. अंगणात मुले खेळत असतील तर फळ धरताच ते तोडावयास आम्ही सांगतो.