अंतर राखून

उजनीचं पाणी उतरायला लागलं की सोलापूरचा माणूस पेपरात धरणाची टक्केवारी शोधतो आणि पुण्यातला पक्ष्यांचा फोटोवाला भिगवणच्या नावाड्याला फोन लावतो. एकाच्या पोटात गोळा येतो आणि दुसरा रजेचा अर्ज लिहायला घेतो. भीमेवरचं हे धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. क्षमता ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. कालव्यांनी पाणी ओढलं की भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या अंगाचा उथळ फुगवटा आधी उघडा पडतो. गाळ वर येतो, मधूनमधून गुडघाभर पाणी उरतं आणि त्या पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. पाणी उशिरापर्यंत टिकलं की तेही उशिरा येतात. धरण पार ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेलं तर पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं, आणि मग पक्ष्यांकडे पाठ करून देवळाचे फोटो काढणाऱ्यांची वेगळी गर्दी होते. तो आपला विषय नाही.

पुण्याहून शंभरेक किलोमीटर. पहाटे चारला निघायचं, उजाडायच्या आत काठावर पोचायचं. होड्या मासेमारीच्याच असतात. रात्री टाकलेली जाळी पहाटे काढून चिलापी बाजारात गेली की त्याच होडीत सतरंजी अंथरून आम्हाला बसवतात. होडीला गंध असतो तो असतोच. इंजिनाची होडी लवकर पोचवते. पण फोटो काढायचे असतील तर बांबूनं रेटणारी घ्यावी. बसायचंही फळीवर नाही, तळाशी मांडी घालून. लेन्स होडीच्या काठावर. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आला की मागचं पाणी पुसट होत जातं आणि पक्षी त्यातून सुटा उभा राहतो. फळीवरून काढलेल्या फोटोत त्याची पाठ आणि भोवतालचा चिखलच जास्त दिसतो. लाइफ जॅकेट सगळ्यांना अडचणीचं वाटतं, गळ्याशी ते टोचतंही. पण छातीवरच्या त्याच्या जाड गादीवर कोपर टेकवलं की दोन-तीन किलोच्या लेन्सचा भार हलका होतो.

नव्यानं येणारा पहिला प्रश्न विचारतो तो लेन्सचा. कितीची? कुठली? सेकंडहँड मिळेल का? प्रश्न बरोबर आहेत, उत्तरं सोपी आहेत: चारशे मिलिमीटरपासून पुढची काहीही चालते, जुनी चालते, लांब झूमचा साधा कॅमेरासुद्धा पहिली दोन वर्षं आरामात पुरतो. त्याआधी एक बरी दुर्बीण घ्यावी, असं मी सांगतो आणि कुणी ऐकत नाही. या छंदात खरं शिकायला लागतं ते अंतर. प्रत्येक जातीचं ते निराळं असतं. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या होडी अगदी जवळ आली तरी पाण्यात चोच मारत राहतो. राखी बगळा आपल्याला पाहून न पाहिल्यासारखं करतो आणि नेमका आपण कॅमेरा उचलला की उठतो. चक्रवाकांचं काम सगळ्यांत अवघड. ते फार लांबूनच ओरडत उडतात आणि जाताना अख्ख्या पाणथळीला सावध करून जातात. त्यांच्या जोडीला वळसा घालून जाणारा नावाडी मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

आमच्या नावाडीमामांना हे सगळं पाठ आहे. लेन्स कधी त्यांच्या हातात आली नसेल, पण फोटो निम्माअधिक त्यांचाच असतो. चित्रबलाकांचा थवा उथळ पाण्यात चरत असला की ते होडी थेट त्याच्यावर घालत नाहीत. तिरकी नेतात, आपण दुसरीकडेच कुठे चाललोय अशी. चरणं चालू असेपर्यंत बांबू चालू. मग एखाद्याची मान वर होते, त्याच्या शेजारच्याचीही होते. मामा बांबू गाळात रोवतात आणि होडी धरून ठेवतात.

“आता कुणी हालू नका. मान खाली घालू द्या तेन्ला.”

ही झाली पहिली पायरी. तिथे थांबलं नाही तर पक्षी चालायला लागतात, सगळे एकाच दिशेला तोंड करतात, एखादा शिटतो, आणि मग उडतातच. मान वर होऊन परत खाली जायला कधी दोन मिनिटं लागतात, कधी दहा. तेवढा वेळ काही करायचं नसतं. बोलायचं नाही, उभं राहायचं नाही, बॅगेची चेनसुद्धा ओढायची नाही. याच होडीतून जाळं टाकणारा माणूस रोज त्यांच्या जवळून जातो, त्याला ते भीक घालत नाहीत. उभी राहिलेली चार माणसं मात्र त्यांना चालत नाहीत.

या छंदानं डोकं शांत होतं असं म्हणतात, ते या मिनिटांमुळे, असं मला वाटतं. विसावा म्हणावा तर कंबर आखडलेली असते, पायाला मुंग्या आलेल्या असतात, उन्हानं कान भाजत असतात. पण डोळे त्या एका मानेवर लागलेले असतात. ऑफिसातला उद्याचा दिवस, घराचा हप्ता, कुणाचं लागलेलं बोलणं, या सगळ्यांना यायला वेळ भरपूर असतो. बसायला जागा नसते. डोळे मिटून ध्यान करायला मी शिकलो नाही. इथे डोळे उघडे ठेवूनच काम होतं, हे मला सोयीचं पडतं.

या पाण्यावर मला सगळ्यांत जास्त वेळ बसवून ठेवणारा पक्षी रोहित नव्हे. तो आहे कवड्या खंड्या, काळापांढरा. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीच्या छातीवर एकच आणि तोही मध्ये तुटलेला. जाळ्याच्या बांबूवर बसलेला असताना त्याचा फोटो कुणालाही मिळतो. तो उठतो, पाण्यावर दहा-पंधरा फूट उंच जातो आणि हवेत एका जागी थांबतो. तेव्हा पाहावं. पंख इतक्या वेगानं चालतात की त्यांचा नुसता धूर दिसतो, शेपूट पसरून खाली वळलेली, अंग जवळजवळ उभं, चोच सरळ पाण्याकडे. आणि डोकं स्थिर. वाऱ्याचा झोत आला की अंग मागेपुढे होतं, मानेपासून वर मात्र काही हलत नाही. खाली मासा दिसत असतो, त्याच्यावरची नजर त्याला सोडायची नसते. फोटोवाल्यासाठी हीच मेहेरबानी. डोळ्यावर फोकस धरायला तो पुरेसा वेळ देतो. सेकंदाच्या १/२००० भागाला पंखांची टोकं थोडी अस्पष्ट राहतात, १/३२०० ला ती पिसन्‌पिस गोठतात. मला पहिला प्रकार आवडतो. पिसन्‌पिस गोठलेला खंड्या दोऱ्याला टांगल्यासारखा दिसतो.

मग तो पंख मिटून पडतो. पडण्याचा फोटो काढता येतो असं सांगणारे भेटतात, त्यांचे फोटोही पाहिलेत, छान असतात. मी त्या वेळी कॅमेरा खाली घेतो. पाण्याला छेद जातो, तो बाहेर येतो, चोचीत काही असतं किंवा नसतं. नसलं की मामा म्हणतात, “अजून मारंल. तेला भूक हाय.” आणि तो मारतोच.

काही पक्षी फोटोवाल्याची परीक्षा पाहायलाच जन्माला आलेत. चमचा हा बगळ्याएवढा पांढरा पक्षी चपटी चोच पाण्यात घालून डावीउजवीकडे फिरवत चालत राहतो, डोकं वर काढतच नाही. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच गाळात घालून माशाच्या स्पर्शाची वाट बघतो, त्याचंही तोंड पाण्यात. रोहित तर डोकं उलटं करूनच जेवतो. वरची चोच खाली, आणि चोचीतल्या बारीक जाळीतून पाणी गाळत राहतो. त्याच अन्नातल्या रंगद्रव्यांनी त्याला गुलाबी रंग चढतो, म्हणून थव्यात राखाडी दिसणारी असतात ती पिल्लं. सकाळभर अशी बिनडोक्याची चित्रं काढून घरी आलेले लोक मी पाहिलेत. यावर उपाय एकच, ते गिळायला मान वर करतात त्या क्षणाला बोट तयार ठेवायचं.

पांढऱ्या पक्ष्यांची दुसरी भानगड उजेडाची. मागे गडद पाणी आणि मध्ये पांढरा बगळा असला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं जळून कोरी होतात. तेव्हा एक्स्पोजर एक पायरी खाली आणायचं. तोच बगळा आकाशात उडाला की उलटं, आता कॅमेरा आकाशाला भुलतो आणि बगळा काळा येतो. साडेनऊ-दहानंतर हा सगळा हिशेब बाद. गाळ तापतो, त्यावरची हवा थरथरते, आणि लाखाच्या लेन्सनंही पाण्यातून बघितल्यासारखं चित्र येतं. लोक लेन्सला, दुकानदाराला, स्वतःच्या हातांना दोष देतात. होडी वळवून चिलापी-भाकरी खायला जावं हे उत्तम.

आता भांडणाचा विषय. रोहित पंख मिटून उभा असताना फिका गुलाबी दिसतो. पंख उघडले की आतला लाल आणि काळा रंग भडकतो. तो फोटो सगळ्यांना हवा असतो. रविवारी पाच-सहा होड्या थव्याभोवती गोळा होतात, कुणीतरी म्हणतं, “उडवा ना जरा, लांबून आलोय.” काही नावाडी उडवतात, दिवसाची मजुरी त्यांची, नाही म्हणणं त्यांना परवडतं असं नाही. रोहित जड पक्षी. जागच्या जागी त्याला उठता येत नाही, पाण्यावर धावत जाऊन वेग घ्यावा लागतो. सकाळच्या चरण्याच्या वेळात असं चार वेळा धावायला लावलं की तो पलीकडच्या काठाला निघून जातो, सगळ्यांसाठीच. या बाबतीत दोष मी नावाड्याला देणार नाही, मागणाऱ्याला देईन. घरट्यांच्या फोटोंचं तेच आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढण्याचंही तेच.

शिवाय उडवायची गरजच नसते. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी बोरूच्या वरून संथ तरंगत आला की बदकं, शेकाटे, वारकरी सगळे आपणहून उठतात. कधीकधी रोहितही. उठतात ते वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, उतरतातही तसेच. म्हणजे वारा आणि ऊन दोन्ही पाठीशी घेऊन होडी लावली तर पक्षी समोरून, उजेडात, आपल्याकडे येत उठतात. मामा होडी लावायच्या आधी जाळ्याच्या बांबूला बांधलेली चिंधी कुठे उडतेय ते बघतात. बाकी बसून राहायचं. भोवत्या आला नाही तर नाही आला.

रात्री घरी कार्डातले फोटो उतरवायचे. शेकड्यांनी असतात आणि बहुतेक खोडायचे असतात. मला हे काम आवडतं. कारण पाण्यावर न कळलेलं इथे कळतं. थंडीत तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा असे दोन्ही कुरव येतात आणि दोघांचीही डोकी तेव्हा पांढरी असतात. होडीतून सगळे सारखेच. पडद्यावर मोठं करून पंखाचं टोक पाहिलं की काळ्या टोकात पांढरे ठिपके असलेला तपकिरी डोक्याचा निघतो. पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र असेल तर दुसरा. मराठी नाव अडलं तर मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ शेजारी असतोच. मग ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची. धूसर फोटोलाही तिथे किंमत आहे, पंखाचं टोक दिसलं की झालं.

चांगले दोन-चार मामांना पाठवतो. मोरघारीचा एक पाठवला होता, जाळ्याच्या बांबूवर बसून पंजात मासा आवळलेला, डोळ्यात ऊन चमकतंय, माझ्या मते त्या हंगामातला सगळ्यात नीट जमलेला. रात्री उशिरा त्यांचा फोन आला.

“सर, त्यो बांबू आमच्या धाकट्याचा हाय. मासाबी तेच्याच जाळ्यातला आसंल.”